खांदा आणि तोफगाडा

‘शासकीय इतमामात अंत्यसंस्कार’ हे शब्द आपण बातम्यांत इतक्यांदा वाचतो, की हा इतमाम आला कुठून, असा प्रश्न सहसा पडत नाही. मला तो पडला, तो दोन अंत्ययात्रांची वर्णने शेजारी ठेवून वाचताना.

पहिली लोकमान्यांची. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईच्या सरदारगृहात टिळक गेले. त्यांना सहा वर्षे मंडालेला धाडणारे सरकार मानवंदना देणार नव्हतेच. चौपाटीवर दहनाला परवानगी मिळाली, एवढेच. पावसातून लाखोंचा जनसमुदाय चालला. तिरडीला खांदा देणाऱ्यांत गांधीजी होते.

दुसरी खुद्द गांधीजींची, ३१ जानेवारी १९४८ ची. या वेळी सरकार आपले होते आणि आखणी लष्कराकडे होती. सेनेचे प्रमुख जनरल रॉय बुचर इंग्रज होते. त्यांच्यासमोरचा नमुनाही इंग्रजी होता. सैनिकाची शवपेटी तोफगाड्यावरून नेण्याची ब्रिटिश लष्करात जुनी प्रथा होती. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया राणीने स्वतःच्या इच्छेने लष्करी अंत्यसंस्कार मागून घेतला होता. विंडसरला घोड्यांचा साज तुटला, तेव्हा नौसैनिकांनी दोरखंड धरून गाडा ओढला. ऐनवेळची ती सोय पुढे तिकडच्या राजघराण्याची परंपराच झाली.

दिल्लीत लष्करी वाहनाचा सांगाडा रातोरात बदलून उंच चौथरा केला गेला. हेतू हा, की दूरच्या माणसालाही दर्शन व्हावे. इंजिन बंदच ठेवले. चार दोरखंड, प्रत्येकाला पन्नास जण, असे तिन्ही दलांचे दोनशे जवान वाहन ओढत होते. बिर्ला भवन ते राजघाट हे जेमतेम पाच-साडेपाच मैल; त्याला पाचेक तास लागले. वरून विमानांनी गुलाबपाकळ्या टाकल्या.

अहिंसेच्या उपासकाची यात्रा शस्त्रवाहनावरून निघाली, ही विसंगती अनेकांना खटकली आणि आजही खटकते. मलाही ती खटकते. पण साडेपाच महिन्यांच्या त्या राज्याची अडचणही पाहिली पाहिजे. फाळणीच्या दंग्यांनी पोळलेली दिल्ली, आदल्या संध्याकाळचा खून, लाखोंची गर्दी. एका रात्रीत एवढी व्यवस्था उभी करण्याइतके मनुष्यबळ आणि शिस्त लष्कराजवळच होती.

मात्र सगळेच राज्याच्या मनाप्रमाणे झाले नाही. देह मसाले भरून काही दिवस दर्शनासाठी ठेवावा, अशी सूचना माउंटबॅटन यांनी केली होती. गांधीजींचा याला स्पष्ट विरोध होता, हे प्यारेलाल यांनी सांगितले आणि दहन दुसऱ्याच दिवशी झाले. नागपूरहून आलेल्या रामदास गांधींनी अग्नी दिला.

यावरून मला असे वाटते, की इतमाम हा मृताच्या थोरवीचा पुरावा नसतो. ते राज्याने त्याच्याशी सांगितलेले नाते असते. टिळकांशी ते नाते सांगायला राज्य तयार नव्हते, म्हणून त्यांची थोरवी उणावली नाही. गांधीजींशी ते सांगताना नव्या राज्याने जुन्या राज्याची भाषा उसनी घेतली, आणि पुढे तीच आपली रीत झाली.

या रीतीत एक मर्यादा मात्र आखलेली आहे. ध्वजसंहितेनुसार पार्थिवावरचा तिरंगा चितेवर जाळायचा नाही, कबरीत उतरवायचा नाही. तो आधी काढून घ्यावा लागतो. राज्य तिथे थांबते. अग्नी द्यायचा तो घरच्यांनीच.