मास्कीत: रूथ दायान यांचे दुकान आणि त्यामागचे हात

शब्बाथच्या संध्याकाळी आपल्या अनेक घरांत 'एशेत हाईल' म्हटले जाते. मिश्लेच्या ३१व्या अध्यायातल्या त्या गुणवंत बाईचे वर्णन आपण इतक्या वेळा ऐकले आहे, की त्यातली एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. ही बाई नुसती घर सांभाळणारी नाही. ती सूत कातते, वस्त्रे तयार करते आणि ती विकून पैसा मिळवते. इस्रायल राष्ट्राच्या पहिल्या वर्षांत नव्याने आलेल्या बायकांना हातकामातून रोजगार देण्याची एक योजना निघाली, तिचे नावही 'एशेत हाईल' असेच होते. त्या योजनेतून पुढे 'मास्कीत' हे देशातले पहिले मोठे फॅशनघर उभे राहिले. ते उभारणाऱ्या रूथ दायान यांची हकीकत आम्ही येथे सांगत आहोत.

रूथबाईंचा जन्म ६ मार्च १९१७ रोजी हैफा येथे झाला. माहेरचे आडनाव श्वार्त्झ. लहानपणीची काही वर्षे लंडनमध्ये गेली आणि बाकीचे वाढणे यरुशलेममध्ये झाले. घर सुशिक्षित आणि सुस्थितीतले होते. तरीही शेती शिकण्याच्या ओढीने त्या नहलाल या मोशावातल्या मुलींच्या कृषिशाळेत गेल्या. तेथे मोशे दायान यांची भेट झाली आणि १९३५ साली लग्न झाले. गाईंच्या धारा काढणे, शेतात राबणे, १९३९ ते १९४१ ही नवऱ्याच्या तुरुंगवासाची वर्षे, मग त्याच वर्षी सीरियाच्या मोहिमेत त्याने गमावलेला डोळा, आणि यात याएल, एहूद व असाफ या तीन मुलांचे संगोपन. रूथबाईंचे तरुणपण असे गेले. नवरा पुढे सरसेनापती आणि मंत्री झाला, म्हणून त्यांचे नाव जगाला ठाऊक झाले. त्यांचे स्वतःचे काम मात्र त्या नावावर उभे नव्हते.

१९४८ नंतर देशात माणसांचे लोंढे येऊ लागले. १९४९ आणि १९५० या दोन वर्षांत एकट्या येमेनमधून सुमारे ४९,००० यहुदी विमानांनी आले. मआबारांतले तंबू, पत्र्याच्या खोल्या आणि रेशनच्या रांगा यांचे वर्णन आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. नव्या मोशावांतल्या लोकांना शेती शिकवायला ज्यांना पाठवले, त्यांत रूथबाई होत्या. शिकवायला म्हणून त्या गेल्या, आणि तिथे त्यांना दिसले की या माणसांच्या हातांत आधीच पुष्कळ काही आहे. येमेनी पुरुष चांदीच्या तारेचे नाजूक काम करीत. त्यांच्या बायका कापडावर असे बारीक भरतकाम करीत की पाहणाऱ्याने थक्क व्हावे. लिबियातून आलेल्यांत विणकर होते, बाल्कन देशांतून आलेल्यांत गालिचे विणणाऱ्या आणि भरतकाम करणाऱ्या बायका होत्या.

त्या काळी सरकारी वारे उलट दिशेने वाहत होते. 'कूर हितूख' हा शब्द तेव्हा सर्वांच्या तोंडी होता. सगळ्या देशांतून आलेल्यांना एका मुशीत वितळवून एकसारखे इस्रायली घडवायचे, जुने कपडे, जुनी भाषा, जुन्या रीती मागे टाकायच्या, असा तो विचार होता. अशा वेळी एखादीने येमेनी बाईच्या हातातली सुई पाहून म्हणावे, की हे टाकू नकोस, याचे तुला पैसे मिळतील, ही साधी गोष्ट नव्हती. आमच्या मते रूथबाईंचे मोठेपण येथे आहे. त्यांनी गरजू बाईला दान दिले नाही, कामाचा मोबदला दिला. दानाने पोट भरते, पण मान खाली जाते. मोबदल्याने पोटही भरते आणि मानही ताठ राहते.

१९५४ साली सरकारच्या पाठबळाने मास्कीतची स्थापना झाली. हा शब्दही मिश्लेतलाच. २५व्या अध्यायात सोन्याच्या फळांना चांदीच्या नक्षीचे कोंदण असल्याची उपमा आहे, त्या कोंदणासाठी मूळ इब्रीत हाच शब्द येतो. पुढच्याच वर्षी फिनी लाइटर्सडॉर्फ या मास्कीतच्या मुख्य डिझाइनर म्हणून पुढे आल्या. त्यांचा जन्म १९०६ साली हंगेरीत झाला होता आणि १९३९ साली त्या या देशात आल्या होत्या. रूथबाईंजवळ माणसे जोडण्याची हातोटी होती आणि फिनीबाईंजवळ कात्रीची नजर. दोघी मिळून काम करू लागल्या.

फिनीबाईंची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. येमेनी बायका झग्याच्या आत घट्ट विजारी घालीत आणि त्यांच्या पायाकडच्या भागावर दाट भरतकाम करीत. तेल अवीवची किंवा न्यूयॉर्कची बाई तशी विजार घालणार नव्हती. मग तेच भरतकाम साध्या, सरळ बेताच्या पोशाखाच्या गळ्यावर, बाहीवर किंवा छातीवर आले. पोशाख नवा, टाका जुना. बेदुइन मेंढपाळांच्या झग्यावरून त्यांनी हातमागाच्या लोकरी कापडाचा एक सैल, रुंद डगला बेतला. 'मरुभूमीचा डगला' या नावाने तो गाजला आणि आजही मास्कीत म्हटले की पहिल्याने तोच आठवतो. येथल्या वाळूचे, दगडांचे, तिन्हीसांजेच्या आकाशाचे रंग त्या कापडांत आले.

मास्कीतची दुकाने मोठ्या शहरांत निघाली. माल अमेरिकेत गेला आणि बर्गडॉर्फ गुडमन, नीमन मार्कस, सॅक्स फिफ्थ अव्हेन्यू अशा नामांकित दुकानांत विकला गेला. काम करणाऱ्यांत केवळ यहुदी नव्हते. अरब, द्रूझ आणि बेदुइन कारागीरही होते, आणि १९६७ नंतर पश्चिम किनारा व गाझातल्या भरतकाम करणाऱ्या बायकाही त्यांत आल्या. युद्धाने दोन्हीकडची माणसे दुरावत होती, तेव्हा रूथबाई कापडाचे गठ्ठे घेऊन त्यांच्या घरी जात राहिल्या. १९७१ साली मोशे दायान यांच्याशी घटस्फोट झाला, तरी त्यांचे काम थांबले नाही.

आता आपल्याकडे पाहू. आपल्या आज्या आणि आया पातळे नेसून या देशात उतरल्या. बेरशेबा, दिमोना, लोद, अश्दोद येथल्या उन्हात काहींनी ती पातळे ट्रंकेत ठेवली, ती पुन्हा मेंदीच्या रात्री आणि लग्नातच बाहेर निघाली. मेंदीची रात्र तर आपली आणि येमेनी लोकांची सारखीच. त्यांचीही नवरी त्या रात्री दागिन्यांनी मढते आणि हातांना मेंदी लावते. पण त्यांच्या पोशाखातला टाका दुकानाच्या काचेमागे मानाने झळकला. आपल्या घरांतले चोळीचे बेतणे, जुन्या लुगड्यांची गोधडी, लोकरीचे विणकाम, क्रोशाचे रुमाल हे बहुतेक घरातच राहिले. यात कोणाशी तक्रार नाही. सांगायचे इतकेच, की जे कोणी पाहिले, विचारले आणि विकत घेतले, ते लोकांच्या स्मरणात राहिले.

मास्कीतच्या हकीकतीतही एक उणीव आहे, आणि ती लपवणे बरे नाही. दुकानाचे नाव राहिले, रूथबाईंचे राहिले, फिनीबाईंचेही राहिले. संग्रहालयांत आणि खाजगी कपाटांत ते डगले, ते पोशाख आजही जपलेले आहेत. पण कोणत्या मोशावातल्या कोणत्या बाईने रात्री दिव्याखाली बसून ती बाही भरली, हे बहुतेक कपड्यांवर लिहिलेले नाही. टाका ओळखता येतो, टाका घालणारी नाही.

यंत्राच्या स्वस्त कपड्यापुढे हातकामाला टिकणे कठीणच असते. काळ बदलला, मास्कीतची मालकी बदलली, रूथबाई बाजूला झाल्या आणि १९९४ साली मास्कीत बंद पडले. सुमारे २० वर्षांनी शेरॉन ताल या तरुण डिझाइनरने पती नीर यांच्यासह ते पुन्हा सुरू केले. त्यासाठी ती प्रथम रूथबाईंकडे गेली. नव्वदी उलटलेल्या रूथबाईंनी तिला आशीर्वाद दिला आणि जुन्या गोष्टी सांगितल्या. मरुभूमीचा डगला नव्या रूपात पुन्हा शिवला गेला. ५ फेब्रुवारी २०२१ रोजी, वयाच्या १०४व्या वर्षी, रूथबाईंनी तेल अवीवमध्ये शेवटचा श्वास घेतला.

वाचकहो, शेरॉनला विचारायला रूथबाई हयात होत्या, म्हणून धागा तुटला नाही. आपल्या घरांतही विचारण्याजोगी माणसे आज आहेत, उद्या असतीलच असे नाही. कपाटात आईच्या हातची गोधडी असेल, आजीने शिवलेली चोळी असेल, मावशीने विणलेला रुमाल असेल, तर एका चिठ्ठीवर तिचे पूर्ण नाव, गाव आणि साधारण साल लिहून त्यावर टाचून ठेवा. मराठीत लिहा आणि नातवंडांसाठी इब्रीतही लिहा. नातवंडे ती वस्तू जपतील ती सुंदर आहे म्हणून. पण ती कोणाची, हे त्यांना आपल्याशिवाय दुसरे कोणी सांगू शकणार नाही.