राजाचा मंत्र, मंडळाच्या तोंडी

मंत्रपुष्पांजलीत गणपती नाही. शंकर नाही, देवी नाही, विठोबाही नाही. ज्याला नाव घेऊन नमस्कार केला आहे तो कुबेर, आणि शेवटी ज्याचं कौतुक गायलं आहे तो तर देवही नाही. तो मरुत्त नावाचा राजा. काही ठिकाणी अखेरीला गणेशगायत्री जोडतात, तेवढाच काय तो बाप्पाचा उल्लेख.

म्हणून कुणाचं काही अडत नाही. मुंबईच्या कांजूरमार्गला कांजूरगावातलं जुनं गणपती मंडळ असो, नेव्हीच्या कॉलनीतलं असो, एलबीएस मार्गालगतच्या वस्तीतलं असो की नव्या टॉवरच्या पोडियमवरचं असो, क्रम ठरलेला. आरत्या संपतात, ‘घालीन लोटांगण’ला सगळे स्वतःभोवती गिरकी घेतात, झांजा थांबतात, पाकळ्यांचं ताट फिरतं आणि ओंकार दम संपेपर्यंत ओढला जातो. रामरक्षा आजी शिकवते, अथर्वशीर्षाचे वर्ग भरतात. मंत्रपुष्पांजली मात्र कुणी शिकवत नाही. मोठ्यांच्या मागे उभं राहून, शब्दांची शेपटं पकडत पकडत ती येते. सातवीतल्या पोराला ‘वैश्रवणाय कुर्महे’ खणखणीत म्हणता येतं. वैश्रवण कोण, हे त्याच्या वडिलांनाही ठाऊक नसतं.

वैश्रवण म्हणजे विश्रव्याचा मुलगा, कुबेर. पण कुळकथा सांगायची तर सुरुवातीपासून सांगायला हवी, कारण ही प्रार्थना एका हाताची नाही. वेगवेगळ्या घरांतून आलेले चार तुकडे जोडून ती उभी राहिली आहे.

पहिला तुकडा ऋग्वेदाचा. देवांनी यज्ञानेच यज्ञाचं यजन केलं, तेच पहिले धर्म होते, आणि त्या बळावर ते थोर साध्यदेव राहतात त्या स्वर्गलोकी पोचले, असा त्याचा भाव. ही ऋचा ऋग्वेदात दोनदा येते. एकदा पहिल्या मंडलात दीर्घतमसाच्या सूक्तात (1.164) आणि पुन्हा दहाव्या मंडलात पुरुषसूक्ताच्या शेवटी (10.90). ती पूजेच्या शेवटी का आली याचं उत्तर इथेच सापडतं. पुरुषसूक्ताच्या ऋचा सोळा, पूजेचे उपचारही सोळा. आवाहनाला पहिली, आसनाला दुसरी, असं करत एकेका उपचाराला एकेक ऋचा वाटून दिली, की सोळावी ऋचा आपसूक सोळाव्या उपचाराच्या वाट्याला येते. तो उपचार म्हणजे ओंजळभर फुलं वाहणं. फुलांचा तिच्या अर्थाशी काही संबंध नाही.

दुसरा तुकडा कृष्णयजुर्वेदाचा, तैत्तिरीय आरण्यकातल्या अरुणप्रश्नातला. कुबेराला बळी अर्पण करण्याचा विधी तिथे सांगितला आहे. राजांचा राजा, बळाने सगळ्यांना नमवणारा असं म्हणून त्याला नमस्कार करायचा आणि मग लगेच मागायचं: इच्छांचा धनी असलेल्या त्या वैश्रवणाने माझ्या इच्छा पुऱ्या कराव्यात. मला, माझ्या. वैदिक माणूस मागताना लाजत नसे, हे मला फार आवडतं.

यजुर्वेदाचा हा तुकडा ऋग्वेदाच्या ऋचेला का चिकटला? त्यातल्या ‘राजाधिराज’ आणि ‘महाराज’ या बिरुदांमुळे, असं मी मानतो. आपली देवपूजा राजाच्या पाहुणचारावर बेतलेली आहे. आसन द्यायचं, पाय धुवायचे, न्हाऊ घालायचं, वस्त्रं द्यायची, जेवू घालायचं, विडा द्यायचा. एवढ्यावर भागत नाही म्हणून छत्र, चामर, गीत, नृत्य हे राजोपचार वेगळे. मूर्ती सिंहासनावर बसली की तिच्यापुढे म्हणायला राजाचीच भाषा लागणार.

आणि राजाची सगळ्यात भारदस्त भाषा तिसऱ्या तुकड्यात आहे. साम्राज्य, भौज्य, स्वाराज्य, वैराज्य अशी जी सरबत्ती सुरू होते आणि जिथे निम्मं मंडळ नुसते ओठ हलवतं, तो हा भाग. ऐतरेय ब्राह्मणाच्या आठव्या पंचिकेतल्या एकोणचाळिसाव्या अध्यायातून तो उचलला आहे. ऐतरेय ब्राह्मण हा ऋग्वेदाचा यज्ञग्रंथ, गद्यातला, बुद्धाच्याही आधीचा. परंपरा त्याचं कर्तृत्व महिदास ऐतरेयाला देते. शेवटच्या पंचिकेत राजाला अभिषेक कसा करायचा, पुरोहित कसा हवा, अशी सगळी राजकारणी माहिती आहे.

आधीच्या अध्यायात गोष्ट येते ती इंद्राची. देवांनी ठरवलं की आपल्यात हाच सगळ्यात बलवान, यालाच अभिषेक करू. मग पूर्वेकडून वसूंनी त्याला साम्राज्यासाठी अभिषेक केला, दक्षिणेकडून रुद्रांनी भौज्यासाठी, पश्चिमेकडून आदित्यांनी स्वाराज्यासाठी, उत्तरेकडून विश्वेदेवांनी वैराज्यासाठी. मधल्या दिशेला साध्य आणि आप्त्य या देवांनी राज्यासाठी केला, आणि ऊर्ध्व दिशेला मरुत आणि अंगिरस यांनी पारमेष्ठ्यासाठी. म्हणजे आपण एका दमात म्हणतो ती समानार्थी शब्दांची माळ नव्हे, तो तेव्हाचा राजकीय नकाशा आहे. पूर्वेकडच्या राजांना सम्राट म्हणत, दक्षिणेच्या सत्वतांच्या राजांना भोज, पश्चिमेकडच्यांना स्वराट, हिमालयापलीकडच्या उत्तरकुरू आणि उत्तरमद्रांना विराट. आणि मधल्या कुरू-पांचालांच्या राजाला नुसतं राजा. ग्रंथ लिहिणारे त्या मधल्या प्रदेशातले असावेत असं वाटतं. घरच्या माणसाला बिरुद लागत नाही.

पुढच्या अध्यायात हाच अभिषेक माणसातल्या राजाला करायचा आहे. औदुंबराच्या लाकडाचं आसन, औदुंबराचंच पात्र आणि त्याचीच फांदी. पात्रात दही, मध, तूप आणि ऊन पडलेलं असताना पडलेल्या पावसाचं पाणी. या शेवटच्या वस्तूसाठी पुरोहिताला किती दिवस आभाळाकडे बघत बसावं लागत असेल कोण जाणे!

आता मंत्रपुष्पांजलीत नेमकं काय आलं ते पाहू. मूळ वाक्य लांबलचक आहे. आपल्या क्षत्रियाने सगळे विजय मिळवावेत, सगळे लोक जिंकावेत, साम्राज्यापासून आधिपत्यापर्यंत सारं गाठावं, चहूकडे त्याची सत्ता पसरावी, त्याने पूर्ण आयुष्य जगावं, समुद्रापर्यंतच्या पृथ्वीचा तो एकटा राजा व्हावा, असं ज्या पुरोहिताला वाटत असेल, त्याने त्या क्षत्रियाला शपथ घालावी आणि मग हा अभिषेक करावा. आपण म्हणतो तो मधला भाग. ‘वाटत असेल तर’ गळालं आणि ‘शपथ घालावी’ही गळालं.

शपथ मोठी करडी होती. पुरोहित राजाला म्हणतो, ज्या रात्री तू जन्मलास आणि ज्या रात्री तू मरशील, त्या दोहोंमध्ये तू जे यज्ञ, जे दान, जे पुण्य केलंस ते, तुझं आयुष्य आणि तुझी संतती हे सगळं मी काढून घेईन, जर तू माझा द्रोह केलास तर. आणि राजाने हे शब्द श्रद्धेने स्वतःच्या तोंडून परत म्हणायचे. शपथ प्रजेला नाही, पुरोहिताला दिलेली आहे, हेही लपवायचं कारण नाही. ब्राह्मणग्रंथ पुरोहितांनी लिहिले, त्यांनी आपली सोय पाहिली.

शपथ मोडली तर काय होतं, याची गोष्टही त्याच अध्यायाच्या शेवटी आहे. अत्यराती जानंतपी नावाचा एक जण होता, राजाही नव्हता. सात्यहव्य वासिष्ठाकडून तो ही विद्या शिकला आणि तिच्या जोरावर पृथ्वी जिंकत सुटला. गुरूने आठवण केली, मला काय देतोस ते बोल. तो म्हणाला, उत्तरकुरू जिंकला की राजा तुम्ही, मी तुमचा सेनापती. गुरू म्हणाला, ती देवांची भूमी, ती माणसाला जिंकता येत नाही. तू माझा द्रोह केलास, दिलेलं काढून घेतो. मग शैब्य अमित्रतपन शुष्मिणाने त्या निर्बळ झालेल्या अत्यरातीला ठार केलं. निवडणुकीनंतरची आश्वासनं ज्यांना आठवतात त्यांना उत्तरकुरूचा हा वायदा ओळखीचा वाटेल.

चौथा तुकडा श्लोकाचा. महाभिषेक झालेल्या राजांची यादी देताना ग्रंथकार मरुत्ताचं नाव घेतो. हा अविक्षिताचा वंशज, आणि त्याला अभिषेक केला संवर्त आंगिरसाने. मरुत्ताच्या घरी मरुद्गण वाढपी होते आणि विश्वेदेव सभासद होते, असा श्लोकाचा आशय. महाभारतात आश्वमेधिक पर्वात याच मरुत्ताची कथा आहे. बृहस्पतीने त्याचं पौरोहित्य नाकारलं, म्हणून वाराणसीत वेड्यासारखा नागवा भटकणारा बृहस्पतीचा भाऊ संवर्त त्याने शोधून काढला. त्या यज्ञात उरलेलं सोनं पुढे युधिष्ठिराने आपल्या अश्वमेधासाठी खणून आणलं.

गंमत अशी की श्लोकाच्या आधी ‘याविषयी हा श्लोकही गायलेला आहे’ असं ग्रंथकाराचं निवेदन आहे, तेही आपण त्याच भक्तिभावाने म्हणतो. ‘इति’ हे तर अवतरण संपल्याची खूण, तेही म्हणतो. उचलणाऱ्याने पान उचललं ते असं अलगद, की समासातला मजकूरही सुटला नाही.

तिसरा तुकडा ऋग्वेदाच्या घरचा, याचा एक पुरावा आपल्या जिभेवर आहे. ‘एकराट्’ आणि ‘इति’ जोडले तर नेहमीच्या संस्कृतात ‘एकराडिति’ होईल. आपण म्हणतो ‘एकराळिति’. दोन स्वरांमधल्या ड चा ळ करणं ही ऋग्वेद्यांची रीत. कालिदासाच्या संस्कृतात जो वर्ण भेटत नाही तो मराठी पोराला मात्र जड जात नाही, कारण त्याच्या रोजच्या बोलण्यात तो पोळीपासून शाळेपर्यंत आहे.

छापील ऐतरेय ब्राह्मण आधी मुंबईतच निघालं. पुण्याच्या कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या मार्टिन हौग या जर्मन पंडिताने संहिता आणि इंग्रजी भाषांतर 1863 मध्ये प्रसिद्ध केलं. नुसत्या पोथीवर विसंबायला नको म्हणून त्याने एका याज्ञिकाकडून यज्ञविधी प्रत्यक्ष करवून घेतले होते. पुढे पुण्याच्या आनंदाश्रमाने सायणभाष्यासह हा ग्रंथ छापला.

पण पोथी छापली गेली म्हणजे मंत्र सर्वांचा झाला, असं इथे कधी नव्हतं. वेदोक्त, म्हणजे वेदमंत्रांचे विधी, कुणासाठी, हा महाराष्ट्रातला जीवघेणा प्रश्न होता. रायगडावर 6 जून 1674 ला अभिषेक व्हायचा, तर आधी शिवाजी महाराजांचं क्षत्रियत्व सिद्ध करावं लागलं, काशीचे गागाभट्ट बोलवावे लागले आणि 29 मे रोजी महाराजांची मुंज लावावी लागली. त्यानंतर सव्वादोनशे वर्षांनी, 1899 च्या कार्तिकात, कोल्हापूरला पंचगंगेवर स्नानाला गेलेल्या शाहू छत्रपतींसमोर भटजी पुराणोक्त मंत्र म्हणत होता. राजारामशास्त्री भागवतांनी ते लक्षात आणून दिलं. महाराजांनी वेदोक्ताचा आग्रह धरला, राजोपाध्यांनी नकार दिला, त्यांचं इनाम गेलं आणि वाद महाराष्ट्रभर पेटला. ज्यांना छत्रपती म्हणायचं त्यांनाच वैदिक मंत्र नाकारायचा, असा तो न्याय.

मग कांजूरमार्गच्या पोरांना तो कुणी दिला? कुणीच नाही. 1893 साली गणपती चव्हाट्यावर आला, पुण्यात आणि गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत, तेव्हा कांजूरला मिठागरं आणि गाव होतं. पुढे कोकणातली, घाटावरची माणसं उपनगरात आली, कारखान्यांत लागली, मंडळं निघाली. रोज संध्याकाळच्या आरतीला भटजी कोण बोलावणार? ज्याला येतं त्याने सुरू करायचं, बाकीच्यांनी धरायचं. आरतीसंग्रहाच्या पातळ पुस्तकांनी मजकूर पुरवला, कॅसेटने चाल दिली. उदात्त-अनुदात्त गेले, त्यांच्या जागी ठेका आला. अनेक घरांत आजीच्या पिढीपर्यंत बायका या वेळी नुसते हात जोडून उभ्या राहत. आता मंडळात माइक बहुतेक वेळा मुलीच्या हातात असतो. ज्या शब्दांच्या घराण्यापायी राजांना शास्त्रार्थ लढवावे लागले, ते असे ठराव न करता, परवानगी न मागता वस्तीत आले. माझ्या मते वेदोक्ताचा खरा निकाल इथे लागला.

हल्ली मोबाइलवर एक मजकूर फिरतो. मंत्रपुष्पांजली म्हणजे जगातलं पहिलं राष्ट्रगीत, आमचं राज्य कल्याणकारी असो अशी ती विश्वप्रार्थना, वगैरे. भावना चांगली, पण मुळात ‘आमचं राज्य’ नाही. ‘तो होवो’ असं आहे, आणि तो म्हणजे अभिषेकाला बसलेला क्षत्रिय. एकाच माणसाने समुद्रापर्यंतची पृथ्वी घ्यावी, अशी ती इच्छा आहे. तिला लोकशाहीचं जाकीट चढवायची गरज नाही. तो माणूस निघून गेला, त्याच्या जागी शाडूची मूर्ती बसली आणि दीड, पाच किंवा दहा दिवसांनी तीही पवईच्या तलावाकडे निघते, हा बदल पुरेसा मोठा आहे.

मंडळांना एकच विनंती. ताट फिरवण्याआधी श्वासाच्या तीन जागा सांगून टाका. ‘ते ह नाकम्’ हे तीन शब्द आहेत, ‘तेहनाकं’ नावाची वस्तू नाही. ‘प्रसह्यसाहिने’ अखंड म्हणायचं, मध्ये तोडायचं नाही. आणि ‘सार्वायुष’पाशी थांबून मग ‘आन्तात्, आ परार्धात्’ म्हणायचं. ‘दापरार्धात्’ असा शब्द कुठल्याही वेदात नाही.