राजकोटची केशरी मोटार

घरचा बैल बाजारात विकून माणूस संध्याकाळी परत येतो, तेव्हा त्याच्या हातात नुसते दावे असते. पैसे खिशात असतात, पण त्यांच्याकडे लक्ष नसते. लेकरे विचारतात, "कुणाला दिला?" आणि तो काहीतरी तुटक उत्तर देऊन हातपाय धुवायला निघून जातो. विकणे भाग होते म्हणून विकला, पण पुढे वर्षानुवर्षे रुखरुख राहिली. हा अनुभव तुमच्यापैकी पुष्कळांना असेल.

आज जी हकिगत सांगायची आहे ती बैलाची नाही, मोटारीची आहे; आणि विकणारे घर शेतकऱ्याचे नव्हे, राजाचे आहे. तुम्ही म्हणाल, राजेलोकांच्या रुखरुखीशी आम्हांला काय करायचे आहे? करायचे आहे. कसे, ते पुढे येईलच. गुरुजींना तर या एकाच मोटारीवरून १९३० ते १९७२ पर्यंतचा संस्थानांचा इतिहास वर्गात सांगता येईल, असे मला वाटते.

राजकोट हे सौराष्ट्रातले, म्हणजे जुन्या काठेवाडातले, एक संस्थान. १९५६ ते १९६० या साडेतीन वर्षांत हा मुलूख आणि आपण एकाच द्वैभाषिक मुंबई राज्यात होतो. संस्थान लहानसे, लोकवस्ती पाऊण लाखाच्या आसपास. पण काठेवाडातल्या साऱ्या संस्थानांवर देखरेख करणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याचे ठाणे तिथे होते, म्हणून गावाला महत्त्व आले. गांधीजींचे वडील करमचंद हे काही काळ तिथले दिवाण होते आणि छोट्या मोहनदासाची शाळाही तिथलीच.

या राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी, धर्मेंद्रसिंहजींनी, १९३४ साली विलायतेतून एक रोल्स रॉइस मोटार करून घेतली. 'करून घेतली' हा शब्द मुद्दाम वापरतो आहे. त्या काळी ही कंपनी इंजिन आणि सांगाडा तेवढा बनवी; गॅरेजवाले त्याला चासी म्हणतात. वरचे शरीर गिऱ्हाइकाने वेगळ्या कारागिरांकडून बांधून घ्यायचे. आपण चाके आणि आस एका सुताराकडून घ्यावी आणि वरचा साटा दुसऱ्याकडून ठोकून घ्यावा, तसाच प्रकार. राजकोटच्या गाडीचे शरीर लंडनच्या थ्रप अँड मेबर्ली या कारखान्याने बांधले. सांगाडा होता फँटम दोन, कॉन्टिनेन्टल जातीचा. इंजिन सहा सिलिंडरांचे आणि साडेसात लिटरहून मोठे. एवढ्या इंजिनाला तेल किती लागत असेल ते ज्यांच्याकडे पाण्याचे इंजिन आहे त्यांना सांगायला नको.

रंग केशरी, आणि बॉनेट चकचकीत अॅल्युमिनियमचे. पुढे एकदोन नव्हेत, दिव्यांची चांगली ओळच होती, आणि त्यांतले काही दिवे सुकाणूचे चाक फिरवले की त्या बाजूला वळत. अंधाऱ्या रात्री वळणाच्या रस्त्याने कंदील घेऊन गाडी हाकणाऱ्याला या युक्तीची किंमत चटकन कळेल. वरचे टप हवे तेव्हा लावावे, हवे तेव्हा उतरवावे. राजस्त्रिया पडद्यात राहणाऱ्या, म्हणून काचा अशा की आतून बाहेरचे दिसावे आणि बाहेरून आतले दिसू नये. गाडीला नाव दिले 'स्टार ऑफ इंडिया'. याच नावाचा एक जगप्रसिद्ध नीलमणी आहे. आणि दारावर राजकोटचे राजचिन्ह. या संस्थानाचे ब्रीद होते 'धर्मी प्रजा राजा'. प्रजेतल्या सर्व धर्मांच्या माणसांना सारखे लेखणारा राजा, असा त्याचा अर्थ सांगतात.

हे ब्रीद एका पिढीपूर्वी खरे होते. धर्मेंद्रसिंहजींचे वडील लाखाजीराज यांनी १९२३ साली राजकोटात प्रजाप्रतिनिधी सभा स्थापन केली. तिचे नव्वद सभासद प्रौढ मतदानाने निवडून येत. साल ध्यानात घ्या, १९२३! ब्रिटिश मुलखात त्या वेळी जमीनजुमला आणि कर पाहून मताचा हक्क मिळत होता. काठेवाड राजकीय परिषद पहिल्यांदा १९२१ साली भरली ती राजकोटातच. अध्यक्ष होते विठ्ठलभाई पटेल, आणि ठाकोरसाहेब स्वतः जाऊन बसले. इंग्रज अधिकाऱ्याला आवडत नसतानाही ते कधीकधी खादी घालत. राष्ट्रीय शाळेला त्यांनी जागा दिली. ही शाळा लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचे आहे.

१९३० साली लाखाजीराज गेले आणि सगळे पालटले. मुलगा चैनी. कारभार दिवाण वीरावाला यांच्या हातात गेला. प्रतिनिधी सभा बंद पडली. तिजोरी रिकामी होऊ लागली, तेव्हा दरबारने एक सोपा उपाय शोधला: मक्ते विकायचे. काड्यापेट्या विकण्याचा मक्ता एकाला, साखरेचा दुसऱ्याला, तांदळाचा तिसऱ्याला, सिनेमाचा आणखी कुणाला. मक्ता ज्याने पैसे मोजून घेतला तो ते पैसे कुणाकडून वसूल करणार? चूल पेटवायला काडी लागते ती गरिबालाही लागते. गोकुळाष्टमीच्या जत्रेत जुगाराचेही पैसे दरबारला हवेच होते. १९३८ च्या ऑगस्टमध्ये या जुगाराविरुद्ध लोक उभे राहिले, त्यांच्यावर लाठ्या चालल्या, आणि तिथून राजकोटचा सत्याग्रह पेटला.

म्हणून मी म्हटले की या मोटारीशी आपला संबंध आहे. केशरी गाडी आली ती याच दहा वर्षांत. राजाची खासगी तिजोरी आणि राज्याची तिजोरी यांच्यामध्ये भिंत अशी नव्हतीच. ती घालावी, राजाच्या खर्चाला मर्यादा असावी, ही तर सत्याग्रहींची एक मुख्य मागणी होती. २६ डिसेंबर १९३८ रोजी ठाकोरसाहेब आणि वल्लभभाई पटेल यांच्यात करार झाला, त्यात ही मर्यादा ठाकोरसाहेबांनी मान्य केली. सुधारणांचा मसुदा करायला दहा जणांची समिती नेमायची, त्यांतले सात सभासद वल्लभभाईंनी सुचवायचे, असेही ठरले. लोकांना वाटले, जिंकलो.

पण इंग्रज अधिकाऱ्यांना हे रुचले नाही. दिवाणांना तर नाहीच. वल्लभभाईंनी सुचवलेली नावे दरबारने घेतली नाहीत आणि २६ जानेवारी १९३९ पासून सत्याग्रह पुन्हा सुरू झाला. कस्तुरबांचे बालपण आणि संसाराची पहिली वर्षे काठेवाडातच गेलेली. शरीर थकलेले असतानाही त्या राजकोटला गेल्या आणि त्यांना स्थानबद्ध करण्यात आले. मग गांधीजी स्वतः आले. ठाकोरसाहेबांना ते मुलासारखे मानत. वडिलांनी ज्यांच्या घराण्याची दिवाणगिरी केली त्या घराने दिलेला शब्द मोडला, याचे त्यांना दुःख झाले. ३ मार्चला त्यांनी उपवास आरंभला. कुठे? त्याच राष्ट्रीय शाळेत, जिची जागा लाखाजीराजांनी दिली होती.

व्हाइसरॉय लिनलिथगो मध्ये पडले, ७ मार्चला उपवास सुटला, आणि वाद सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांच्याकडे गेला. ३ एप्रिलला निकाल लागला तो वल्लभभाईंच्या बाजूने. तरीही दरबारने नाना खुसपटे काढली. समितीत आम्हांलाही जागा हव्यात म्हणून निरनिराळे समाज पुढे आले. दलितांच्या प्रतिनिधित्वासाठी खुद्द डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर राजकोटला जाऊन आले. त्यांची मागणी खोटी होती असे म्हणता येणार नाही, पण दरबारला तिचा उपयोग झाला हेही खरे. शेवटी मे महिन्यात गांधीजींनी तो जिंकलेला निकाल आपण होऊन सोडून दिला. उपवास चालू असताना आपण व्हाइसरॉयकडे दाद मागितली, त्यामुळे त्या उपवासात दडपण शिरले, तो शुद्ध राहिला नाही, असे त्यांनी जाहीरपणे कबूल केले. आपली चूक अशी चारचौघांत सांगणारा पुढारी सारखा सारखा जन्माला येत नाही. पण राजकोटच्या रयतेच्या हातात त्या वेळी काही पडले नाही, हेही मुलांना सांगावे.

केशरी गाडी तेव्हा पाच वर्षांची होती.

पुढचा काळ भराभर गेला. १९४० साली धर्मेंद्रसिंहजी गीरच्या जंगलात सिंहाच्या शिकारीला गेले असताना वारले. त्यांचे बंधू प्रद्युम्नसिंहजी गादीवर आले. १९४८ च्या फेब्रुवारीत काठेवाडातली संस्थाने मिळून सौराष्ट्र राज्य झाले आणि राजकोट त्याची राजधानी. राजांचे राज्य गेले, वार्षिक तनखा राहिला. १९६७ साली तनखे बंद करण्याचा ठराव काँग्रेसने केला आणि १९७१ च्या अखेरीस घटनेची सव्विसावी दुरुस्ती होऊन ते बंदही झाले.

आता अशा घरी तीसचाळीस वर्षांच्या जुन्या अवाढव्य गाड्यांचे काय करायचे? पेट्रोल महाग. सुटे भाग विलायतेतून मागवायचे तर परकीय चलनाची अडचण आणि आयातीवर निर्बंध. जुनी गाडी म्हणजे वारसा, ही कल्पना त्या वेळी आपल्याकडे फारशी कुणाला नव्हती. जुनी गाडी म्हणजे अडगळ. हे परदेशी शौकिनांनी बरोबर हेरले. ते गावोगावच्या राजवाड्यांतून फिरले आणि गाड्या जहाजावर चढवून घेऊन गेले. राजकोटची 'स्टार ऑफ इंडिया' १९६८ साली अशीच एका परदेशी संग्राहकाकडे गेली. एकेक करून इतक्या गाड्या गेल्या की १९७२ साली सरकारला जुन्या मोटारींच्या निर्यातीवर बंदी घालावी लागली. घोडे पळाल्यावर तबेल्याला कडी लावली, म्हणा ना. तरी लावली हे बरे झाले. उरलेल्या त्यामुळे उरल्या.

उरलेल्यांतली एक आपल्या कोल्हापुरात आहे. छत्रपती राजाराम महाराजांच्या वेळची मेबॅक मोटार दसऱ्याच्या शाही सोहळ्यात बाहेर निघते, आणि माणसे सोने लुटायला येतात तशी तिलाही पाहायला येतात. ती गाडी गावाने सांभाळली असे मी म्हणेन, कारण वर्षातून एकदा तरी ती गावाच्या डोळ्यांसमोर येते. दाराआड कुलपात राहिलेली वस्तू विकायला सोपी जाते.

राजकोटच्या घराण्याला मात्र गाडी आठवत राहिली. बेचाळीस वर्षे. २०१० साली ती युरोपात विक्रीला निघाली. किंमत काही दशलक्ष पौंडांच्या घरात जाईल असे वर्तमानपत्रांतून छापून येत होते. प्रत्यक्षात सौदा त्या मानाने पुष्कळच कमी रकमेत झाला. घेणारे होते प्रद्युम्नसिंहजींचे नातू मांधातासिंह. आजोबांच्या काळात घरातून गेलेली वस्तू नातवाने पुन्हा पैसे मोजून घरी आणली. बाजारात विकलेला बैल परत मागायला गेलेला एखादा शेतकरी तुमच्या पाहण्यात असेल. नवा धनी किंमत वाढवूनच सांगतो, आणि तरी हा देतो. तसेच हे.

मी या गोष्टीचा विचार करतो तेव्हा माझे मन दोन बाजूंना ओढते. ती गाडी घेतली गेली याचे वाईट वाटते, आणि ती विकली गेली याचेही वाटते. काडीकाडीवर मक्ता बसवणाऱ्या दरबारात असली गाडी यायला नको होती. पण एकदा आली, रयतेच्या घामाचा वाटा तिच्यात गेला, त्यानंतर ती एका घराच्या मालकीची राहिली का? विकताना गावाला कुणी विचारले नाही. घेतानाही विचारले नव्हते. राजकोटात वॉटसन संग्रहालय १८८८ सालापासून आहे. १९६८ साली तिथे ती उभी करता आली असती, आणि शेजारी काड्यापेट्यांच्या मक्त्याची हकिगत एका फळ्यावर लिहून ठेवता आली असती. शाळेच्या सहलींनी दोन्ही एकत्र पाहिले असते. गुरुजी, तुमच्या गावच्या वाड्यात, देवळात किंवा जुन्या कचेरीत अशी एखादी वस्तू पडून असेल, तर ती कुणी आणली, कुणाच्या पैशाने आणली, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून वहीत टिपून ठेवायला मुलांना सांगा. वस्तू राहील न राहील.

राजकोटला कधी जाणे झाले, तर राष्ट्रीय शाळा जरूर पाहा. ज्या दरबारने काड्यापेट्यांचे मक्ते विकले त्याच दरबाराच्या आधीच्या राजाने दिलेल्या जागेवर ती उभी आहे, आणि केशरी मोटारही आता त्याच गावात परत आली आहे.