ठिपक्याची कुळकथा

गाडीच्या पडद्यावर सरकणाऱ्या निळ्या ठिपक्याचं मूळ विचारलं, की बहुतेक जण उपग्रहाकडे बोट दाखवतात. हे उत्तर अर्धंच खरं आहे, कारण या ठिपक्याची कुळं दोन. एक मोजणीदारांचं, ‘हे ठिकाण कुठे आहे’ ते ठरवणारं. दुसरं हौशी रेडिओवाल्यांचं, म्हणजे हॅमचं, ‘मी आत्ता इथे आहे’ असं चारचौघांना कळवणारं. पहिल्याचा बोलबाला झाला, दुसरं मागे पडलं. पण आडवाटेला गाडी अडते तेव्हा उपयोगी पडते ती दुसरीच विद्या, असं माझं म्हणणं आहे.

मोजणीचं कुळ लातूर-नांदेडच्या शेजारूनच गेलं आहे. विल्यम लॅम्बटनने दक्षिणेकडून वर नेलेल्या मोजणीच्या महाकंसाची (‘ग्रेट आर्क’ची) एक आधाररेषा १८१५ साली बीदरजवळ मोजली गेली. त्याच्यामागून आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टने १८३० साली पृथ्वीचा जो आकार गृहीत धरला, त्यावर भारतीय सर्वेक्षण विभागाची जुनी टोपोशीट्स बेतलेली आहेत. जीपीएस मात्र डब्ल्यूजीएस-८४ नावाचा वेगळा आकार मानतं. जुनं शीट स्कॅन करून ओझीएक्सप्लोररसारख्या सॉफ्टवेअरमध्ये घातलं आणि हा फरक सांगायचा राहिला, तर लातूरच्या आसपास ठिपका शंभराहून जास्त मीटर सरकतो. गाडी पाणंदीत उभी असते आणि पडदा तिला ओढ्यापलीकडच्या तुरीत दाखवतो! ही चूक एका सेटिंगने सुटते. दुसरी गणिताने सुटत नाही. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर बावन्न गावांचं दुसरीकडे पुनर्वसन झालं. माणसं हलली, गावाचं नावही त्यांच्याबरोबर गेलं. भूकंपाआधीच्या शीटवर किल्लारी मात्र जुन्या गावठाणातच आहे.

दुसऱ्या कुळाचा मूळपुरुष बॉब ब्रुनिंगा, अमेरिकेच्या नौदल अकादमीतला अभियंता आणि हॅम. १९८२ साली त्याने ॲपल-टू संगणकावर नौदलाचे स्थान-संदेश नकाशावर मांडणारा प्रोग्राम लिहिला. १९८४ साली व्हिक-२० या घरगुती संगणकावर त्याची पुढची आवृत्ती शंभर मैलांच्या घोड्यांच्या शर्यतीसाठी वापरली. तेव्हा घोड्यावर उपग्रहाचं यंत्र नव्हतं. कोणता घोडा कुठे पोचला ते रेडिओवरून कळायचं. म्हणजे कळवण्याची रीत आधी, उपग्रह नंतर. पुढे स्वस्त जीपीएस आलं आणि या पद्धतीला एपीआरएस हे नाव मिळालं. गाडीतला रेडिओ सेकंदाला बाराशे बिट या आजच्या मानाने गोगलगायीच्या वेगाने आपली कॉल साइन, अक्षांश-रेखांश, वेग आणि दिशा सोडतो. वाटेतलं डिजिपीटर केंद्र ते ऐकून पुन्हा प्रसारित करतं, आणि ऐकू शकणाऱ्या प्रत्येकाच्या नकाशावर तोच ठिपका उमटतो.

यावर कोणी म्हणेल, यात नवं काय? क्वालकॉम कंपनीची ट्रकचा माग काढणारी सेवा १९८८ पासून होती. खरं आहे, पण तिथे ट्रक कुठे आहे ते मालकाच्या कचेरीला कळायचं, मागून येणाऱ्या ट्रकला नाही. एपीआरएसमध्ये मुख्यालय लागत नाही, आणि आपत्तीत हेच मोलाचं. किल्लारी ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी हादरली, तेव्हा जीपीएसची प्राथमिक सज्जताही जाहीर झालेली नव्हती. ती त्या डिसेंबरात झाली. मदतीला धावलेल्या हॅमपाशी संदेशासाठी मुख्यतः आवाजच होता. या भागात नुसतं ‘चिंचोली’ म्हटलं तर कोणती, असं विचारावंच लागतं: रेबे, जोगन की बल्लाळनाथ? मदतीची गाडी पावसात, काळ्या चिखलात फसली असेल, तर गावाच्या नावापेक्षा दोन आकडे केव्हाही बरे.

मोबाइलने हे सगळं निकालात काढलं, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. रोजच्या प्रवासात काढलंच; ते नाकारण्यात हटवादीपणा होईल. पण फोनवरून लोकेशन पाठवायला टॉवर चालू हवा, टॉवरला वीज हवी, आणि पुढे तार किंवा दुवा शाबूत हवा. प्रवासी वाहनांत आता सक्तीची झालेली एआयएस-१४० मानकाची मागोवा-यंत्रंही याच मोबाइल जाळ्यावर विसंबतात. सगळ्यांना आपला ठावठिकाणा कशाला, ही तक्रारही रास्त आहे. हॅमच्या संदेशात गुप्तता ठेवताच येत नाही. मात्र इथे प्रसारण चालू करायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. खरी अडचण जमिनीची आहे. भारतात हॅमना मिळालेला १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झचा पट्टा साधारण नजरेच्या रेषेत चालतो. गोदाकाठच्या नांदेडातून सोडलेला संदेश बालाघाटाच्या पठारावरच्या लातूरला थेट पोचेल ही आशा फोल. मध्ये उंचावर डिजिपीटर हवं, त्याला बॅटरी हवी, आणि परवान्याची परीक्षा देऊन ते सांभाळायला तयार असलेला कोणीतरी हवा.