सांगलीचे विजय हजारे

महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा सातारा जिल्हा ओलांडून सांगलीस येते. पटवर्धनांच्या या संस्थानी नगरीत ११ मार्च १९१५ रोजी एका मराठी ख्रिस्ती शिक्षकाच्या घरी विजय सॅम्युएल हजारे यांचा जन्म झाला. नाव विजय, परंतु त्यांचे श्रेष्ठ डाव बहुधा पराभवाच्या छायेत खेळले गेले. या विसंगतीतच त्यांच्या मोठेपणाचे मर्म आहे.

ऑस्ट्रेलियाचा विख्यात फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट याचे मार्गदर्शन तरुण हजारे यांना लाभले. पुढे बडोदे ही त्यांची कर्मभूमी झाली. १९४३ साली मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत ते रेस्ट संघाकडून खेळत होते. मुसलमानांच्या संघाविरुद्ध त्यांनी २४८ धावा काढल्या. अंतिम सामन्यात हिंदू संघाच्या विजय मर्चंट यांनी नाबाद २५० धावा करून तो उच्चांक मोडला. उत्तरादाखल हजारे यांनी दुसऱ्या डावात ३०९ धावा काढल्या. संघाची एकूण धावसंख्या होती अवघी ३८७! त्यांचे बंधू विवेक यांनी केवळ २१ धावा केल्या. पण त्यांनी एक बाजू लावून धरल्यामुळेच दोघा भावांची ३०० धावांची भागीदारी होऊ शकली. तथापि सामना एक डाव व ६१ धावांनी गमावला गेला.

हाच प्रसंग १९४८ च्या जानेवारीत ॲडलेड येथे अधिक कठोर रूपाने पुढे आला. ब्रॅडमन यांच्या संघाने ६७४ धावांचा डोंगर रचला होता. लिंडवॉल व मिलर यांच्या तुफानी माऱ्यापुढे हजारे यांनी पहिल्या डावात ११६ व दुसऱ्या डावात १४५ धावा केल्या. एकाच कसोटी सामन्याच्या दोन्ही डावांत शतके झळकवणारे ते पहिलेच भारतीय फलंदाज. त्या दुसऱ्या डावात भारताचे सहा गडी शून्यावर बाद झाले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या १४५ धावांचे खरे मोल कळते. हाही सामना भारताने डावाने गमावला.

दैवाने त्यांना यश दिलेच नाही, असे मात्र नव्हे. १९४७ च्या रणजी अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध गुल महंमद यांच्यासह त्यांनी ५७७ धावांची भागीदारी केली. हा जागतिक विक्रम २००६ पर्यंत अबाधित राहिला. १९५२ च्या फेब्रुवारीत मद्रास येथे इंग्लंडला एक डाव व ८ धावांनी नमवून भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळवला, तो हजारे यांच्याच नेतृत्वाखाली. विनू मंकड यांनी त्या सामन्यात १२ बळी घेतले. चौदा कसोट्यांच्या कर्णधारपदातील हजारे यांचा तो एकमेव विजय.

चारच महिन्यांनी लीड्स येथे, दुसऱ्या डावात, फलकावर एकही धाव लागण्यापूर्वी भारताचे चार गडी बाद झाले. अशा वेळी कर्णधार हजारे यांनी दत्तू फडकर यांच्या साथीने शतकी भागीदारी केली. पराभव टळला नाही. लाज मात्र राखली गेली.

तीस कसोट्यांत सात शतकांसह २,१९२ धावा करून १९५३ साली त्यांची कसोटी कारकीर्द संपली. १८ डिसेंबर २००४ रोजी बडोद्यास त्यांचे निधन झाले. आज त्यांच्या नावाचा करंडक देशभरचे तरुण खेळाडू लढवतात. त्यात एक संघ जिंकेल, बाकीचे हरतील. हरणाऱ्यांनीही मान ताठ ठेवून मैदान सोडावे, असा धडा ज्यांनी घालून दिला, त्यांचेच नाव त्या करंडकाला आहे.