वरचें पाणी आणि खालचें पाणी

कौटिलीय अर्थशास्त्राच्या धर्मस्थीय नांवाच्या तिसऱ्या अधिकरणांत सेतु व तटाक यांविषयीं जे नियम सांगितले आहेत, त्यांपैकीं दोन जोडीनें आलेले आहेत. पहिला असा कीं, खालच्या अंगास मागाहून बांधलेल्या तळ्याच्या पाण्यानें वरच्या तळ्यावर भिजणारें शेत बुडवूं नये. दुसरा असा कीं, वरच्या तळ्यानें खालच्या तळ्याकडे जाणारा पाण्याचा ओघ अडवूं नये. मात्र खालच्या तळ्याचें काम तीन वर्षें बंद पडलेलें असल्यास हा निषेध लागू नाहीं. म्हैसूरचे शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं हा ग्रंथ छापून प्रसिद्ध केला. तेव्हांपासून राजनीति व गुप्तहेर यांवर विद्वानांनीं पुष्कळ लिहिलें, पण या दोन सूत्रांकडे फारसें लक्ष दिलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं.

दुसऱ्या सूत्रांत एक अडचण आहे. पहिल्यांतील ‘पश्चात्’ हें पद दुसऱ्यांत अनुवृत्तीनें आणावें काय? आणल्यास निषेध केवळ मागाहून बांधलेल्या वरच्या तळ्यास लागेल, आणि जुनें वरचें तळें मोकळें सुटेल. न आणल्यास तो वरच्या प्रत्येक तळ्यास लागेल. आमच्या मतें आणूं नये. तीन वर्षांचा अपवाद पाहिला म्हणजे ग्रंथकाराची दृष्टि कळते: कोण आधीं बसला हा प्रश्न त्याच्यापुढें नसून खालीं पाणी वापरांत आहे कीं नाहीं हा आहे. त्याच अध्यायाच्या अखेरच्या श्लोकांत ‘वार’ हा शब्द आला असून शामशास्त्र्यांनीं इंग्रजी भाषांतरांत त्याचा अर्थ तळ्याचें दार असा केला आहे. आम्हांस तेथें पाळी हा अर्थ अधिक जुळता वाटतो. पाळी सोडून पाणी घेणें आणि दुसऱ्याच्या पाळींत तें अडविणें हे दोन्ही सारखेच अपराध ठरून दोहोंस सहा पणांचा दंड होतो.

ग्रंथांतील नियम लोकांत कसा चालत होता हें पाहावयाचें तर खानदेश व बागलाण यांतील फडाची रीत पाहावी. पांझरा, मोसम व आरम या नद्यांवर ठिकठिकाणीं दगडी बंधारे असून ही रीत तीनचारशें वर्षांची मानतात. बंधारा ठेंगणा असल्यामुळें पात्रांतील सर्व पाणी तो अडवीत नाहीं. जास्तीचें पाणी माथ्यावरून पुढच्या बंधाऱ्याकडे जातें, आणि शेतांत मुरलेल्यापैकीं कांहीं पाझरून पुनः नदीस मिळतें. पाटाखालील भिजणारी जमीन, जीस थळ म्हणतात, तिचे बहुधा तीन किंवा चार फड पाडतात. एका फडांत एका वेळीं एकच पीक. एकांत ऊंस, इतरांत हंगामी पिकें, आणि एखादा पडीत, अशी आळीपाळी चालते. प्रत्येक खातेदाराची जमीन एके ठिकाणीं नसून प्रत्येक फडांत त्याची पट्टी असते. यांतच या रीतीचें मर्म आहे. पाणी कमी पडलें कीं पंच एखादा फड कोरडा ठेवतात. पण त्या फडांत सर्वांच्याच पट्ट्या असल्यामुळें तोटा कोणा एकावर किंवा पाटाच्या शेपटाकडील लोकांवर पडत नाहीं. शेतकऱ्यानें स्वतः पाण्यास हात लावावयाचा नाहीं. पाटकरी क्रमानें शेतें भिजवितो, जागल्या राखण करितो. पाटाच्या तोंडाशीं असलेल्याचा जो स्वाभाविक वरचढपणा, तो जमिनीच्या मांडणींतच मोडलेला आहे. त्याला उपदेशाची गरज पडत नाहीं.

तथापि ही समता खातेदारांपुरतीच होती. ज्यास पट्टी नाहीं त्यास पाणीहि नाहीं. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यांतील नायगांव येथें विलासराव साळुंखे यांनीं पाणी पंचायत सुरू केली; तींत कुटुंबांतील माणसें मोजून वांटा ठरविला, भूमिहीनासहि हक्क दिला आणि ऊंस वर्ज्य केला. फडाच्या रीतींतील ही उणीव तेथें भरून निघाली असें आम्ही समजतों.

हाच प्रश्न प्रांताप्रांतांत आला म्हणजे किती अवघड होतो, याचें उदाहरण गोदावरीचें. दारणा (१९१६) व प्रवरेवरील भंडारदरा (१९२६) हीं धरणें झालीं तेव्हां वरचा मुलूख इंग्रजांच्या मुंबई इलाख्यांत आणि पैठण निजामाच्या राज्यांत होतें. एका नदीचे दोन धनी, आणि खालच्यास वरच्याकडे दाद मागण्यास एक दरबार नाहीं. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला. पैठण येथें जायकवाडीच्या धरणाची पायाभरणी १९६५ सालीं आणि लोकार्पण १९७६ सालीं झालें. म्हणजे कौटिल्याच्या भाषेंत हें खालचें तळें ‘पश्चान्निविष्ट’ होय, आणि आमचे आधीं म्हणून पाणी आमचें हें वरच्यांचें म्हणणें अनुवृत्तीच्या त्याच वादांत जाऊन बसतें. २००५ च्या जलसंपत्ति नियमन प्राधिकरणाच्या कायद्यानें खोऱ्यांतील टंचाई सर्वांनीं समन्यायानें सोसावी असें ठरविलें. २०१३ च्या मेंढेगिरी गटाच्या अहवालांत १५ ऑक्टोबर रोजीं जायकवाडींत उपयुक्त सांठा ६५ टक्क्यांहून कमी असल्यास वरून पाणी सोडण्याचा हिशेब दिला आहे. मुंबईच्या उच्च न्यायालयानें २०१६ सालीं हें समन्यायाचें तत्त्व उचलून धरिलें. नाशिक व अहिल्यानगर या भागांतील बागाइतदारांची तक्रार आम्ही खोटी म्हणत नाहीं. भरल्या पाटाच्या भरंवशावर दोन पिढ्यांनीं ऊंस व द्राक्षें लाविलीं आहेत. परंतु पैठणच्या खालीं पाणी वापरांत आहे, आणि सूत्राचा कस तोच आहे.

संग्राहकांस आमची एक विनंति आहे. सरदारांचे रुमाल व सनदा मोलानें घेतल्या जातात. कुळकर्ण्यांच्या दप्तरांतील पाटाच्या पाळीच्या याद्या, बंधाऱ्याच्या दुरुस्तीच्या वर्गणीचे हिशेब, पाण्याच्या तंट्यांचे महजर व निवाडे मात्र रद्दींत जातात. असे मोडी कागद ज्यांच्याजवळ असतील त्यांनीं गांव, नदी, साल व पाळीचा क्रम एवढें तरी टिपून घ्यावें, आणि नक्कल करितां ‘वार’, ‘बारी’, ‘पाळी’ यांपैकीं जो शब्द मुळांत असेल तोच ठेवावा, बदलूं नये.