मुलाच्या हाती युद्ध

९ सप्टेंबर १९४२ रोजी, तेव्हाच्या पश्चिम खानदेशातील नंदुरबार गावी, शिरीषकुमार मेहता हा पंधरा वर्षांचा मुलगा तिरंगा घेऊन पोलिसांच्या गोळ्यांना सामोरा गेला. त्याच्यासह त्याचे चार सोबतीही हुतात्मे झाले.

ऑर्सन स्कॉट कार्ड यांच्या 'एन्डर्स गेम' (१९८५) या इंग्रजी विज्ञान कादंबरीतही नायक एक मुलगाच आहे. परग्रहवासीयांशी लढण्यासाठी सहाव्या वर्षीच एन्डरला सैनिकी शाळेत नेतात. पुढे सराव समजून तो जी लढाई खेळतो, ती खरी निघते आणि एक अख्खी जीवजात नष्ट होते.

वाचकांत तट पडले. अमेरिकेच्या मरीन दलाने ही कादंबरी आपल्या वाचनयादीत घेतली. उलट, हेतू शुद्ध म्हणून संहारकर्ता निर्दोष ठरतो, या मांडणीवर जॉन केसेल यांनी २००४ साली कठोर टीका केली.

पूर्ण जाणिवेवाचून गंभीर पाप घडत नाही, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. तरीही 'स्पीकर फॉर द डेड' (१९८६) या पुढील भागात एन्डर, त्या जीवजातीच्या उरलेल्या एकमेव राणीसाठी आसरा शोधीत, पोर्तुगीज बोलणाऱ्या कॅथोलिक वसाहतीत येतो. त्याने प्रायश्चित्त स्वीकारले.

शिरीषकुमारला आपण काय करीत आहोत हे ठाऊक होते. एन्डरपासून ते लपविले गेले. त्याचा जाब मोठ्यांनीच द्यायचा आहे.